काचेआडचा बोवी

लंडनमध्ये व्हिक्टोरिया लाइनच्या शेवटच्या स्टेशनात, ब्रिक्स्टनला उतरून पायऱ्या चढून वर आलं की रस्त्यापलीकडे मॉर्लीज हे जुनं डिपार्टमेंट स्टोअर दिसतं. त्याच्या बगलेच्या भिंतीवर, टन्स्टॉल रोडच्या तोंडाशी, डेव्हिड बोवीचा भलामोठा चेहरा आहे. कपाळावरून डोळ्यावर आणि तिथून गालावर उतरलेली लाल-निळी वीज, मागे ग्रहांसारखे तरंगणारे रंगीत गोळे. १९७३ च्या ‘अलादीन सेन’ या अल्बमच्या वेष्टनासाठी ब्रायन डफीने काढलेल्या फोटोवर हे चित्र बेतलेलं आहे. जेम्स कॉकरन, भिंतींच्या दुनियेतलं नाव जिमी सी, याने ते २०१३ साली स्प्रेच्या डब्यांनी काढलं. बोवी गेल्यानंतर त्याच्यासमोर पारदर्शक प्लास्टिकची शीट बसवली गेली. आत्या तिला काच म्हणते.

आत्या मूळची वाईची. दक्षिण लंडनमधल्या शाळेत गणित शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. भाजीसाठी ती अजूनही १५९ नंबरची बस पकडून ब्रिक्स्टनच्या मंडईत जाते. मी भिंती रंगवतो, त्यावरच माझं पोट चालतं. या एका चित्रावरून आमचं जे चालतं ते इथे जसंच्या तसं मांडतोय, कारण गाववाल्या गायकाचा चेहरा भिंतीवर काढणं सोपं असतं. खरा प्रश्न रंग वाळल्यानंतर सुरू होतो.

मी : आत्या, ती शीट काढून टाकायला हवी.

आत्या : आणि मग चित्राचं काय होईल?

मी : रस्त्यावरच्या कुठल्याही चित्राचं होतं तेच. ऊन लागेल, पाऊस लागेल, आधी लाल रंग फिका पडेल. कुणी त्यावर आपलं नाव टाकून जाईल. मग एक दिवस त्या जागी दुसरं चित्र येईल. भिंतीवर काम करणारा माणूस हे गृहीत धरूनच डबा हलवतो. आणि शीट लावून रंग वाचतो असंही नाही. मागे दमट हवा कोंडली की रंग पोपडे धरतो. समोरून बघणाऱ्याला चेहऱ्याऐवजी रस्त्यावरच्या बसचं प्रतिबिंब दिसतं. स्प्रेचा मऊ काठ, ओघळलेला थेंब, विटेच्या सांध्यात भरलेला रंग, जे बघायला जवळ जायचं तेच हरवतं.

आत्या : हे सगळं तुम्हा रंगवणाऱ्यांच्या बाजूने झालं. त्या भिंतीवरून रोज जाणाऱ्यांच्या बाजूनेही जरा बोल की. तू त्या दिवशी इथे नव्हतास.

मी : कुठल्या दिवशी?

आत्या : ११ जानेवारी २०१६. सोमवार होता. सकाळी बातमी आली की तो आदल्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये वारला. शुक्रवारी त्याचा एकोणसत्तरावा वाढदिवस झाला होता, त्याच दिवशी त्याचा ‘ब्लॅकस्टार’ आला होता. त्याला कॅन्सर आहे हे बाहेर कुणाला माहीतच नव्हतं. स्टाफरूममध्ये माझ्यापेक्षा वयाने कितीतरी लहान शिक्षक डोळे पुसत होते. संध्याकाळी बसमधून उतरले तर मॉर्लीजपाशी रस्ताच बंद झाल्यासारखी गर्दी. फुलं, मेणबत्त्या, गालावर वीज रंगवून आलेली माणसं, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. पलीकडे रिट्झी सिनेमाच्या दर्शनी पाटीवर चित्रपटाचं नाव उतरवून त्या जागी ‘आमचा ब्रिक्स्टनचा पोरगा’ अशी अक्षरं लावली होती. लोक गात होते. सुरात नव्हते, पण शब्द सगळ्यांना पाठ होते.

मी : आणि भिंतीवर लिहीत होते.

आत्या : भिंतीवर, कागदावर, फुलांच्या वेष्टनावर. एक बाई भिंतीला कागद टेकवून लिहायला बघत होती. पेन चालत नव्हतं, ती ते पुन्हा पुन्हा झटकत होती. मी पर्समधून माझं पेपर तपासायचं लाल पेन काढून दिलं. तिने बराच वेळ लिहिलं, कागद घडी करून विटांच्या फटीत सारला आणि पेन परत देताना माझा हात धरून ठेवला. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मला तोवर बोवीची चार गाणी धड माहीत नव्हती, तरी मी तिथे तासभर उभी होते. आता तू मला सांगतोस की ती जागा ऊन-पावसावर सोडून द्यायची.

आत्याने सांगितलेल्या संध्याकाळीच या भिंतीचा दर्जा बदलला, यात मला शंका नाही. बोवीचं दहन कसलाही समारंभ न करता झालं. चाहत्यांनी जाऊन फूल ठेवावं अशी समाधी त्याने मागे ठेवली नाही. माणसांना मात्र कुठेतरी जायचं होतं. २०१३ साली हे चित्र निघालं तेव्हा बोवी जिवंत होता. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये त्याच्यावरचं प्रदर्शन गर्दी खेचत होतं आणि दहा वर्षांनी त्याचा नवा अल्बम आला होता. म्हणजे चित्रकाराने काढली ती एका हयात माणसाची तसबीर. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या, ॲडलेडच्या भिंतींवर हात बसवलेल्या एका परक्याने ती काढली होती. तिचं स्मारक केलं ते हातात फुलं घेऊन आलेल्या लोकांनी. माझा सगळा युक्तिवाद इथूनच सुरू होतो, आणि आत्याचाही.

मी : तूच सांगितलंस ना, लोक लिहीत होते. त्या लिहिण्याने भिंत जिवंत झाली. शीट लावून आपण चेहरा वाचवला आणि लिहिणाऱ्याला सांगितलं की आता हात लावू नकोस. संग्रहालयात चालतं तसं.

आत्या : लोक आजही आजूबाजूच्या विटांवर लिहितात. काचेवरही लिहितात. काच नसती तर पहिल्या महिन्यातच त्याचं नाक-डोळे दिसेनासे झाले असते. मग कुणापाशी लिहिलं असतं?

मी : बरं, दुसरी गोष्ट. हा माणूस ब्रिक्स्टनचा तरी कितीसा? ८ जानेवारी १९४७ ला ४० स्टॅन्सफील्ड रोडवर जन्मला, डेव्हिड रॉबर्ट जोन्स. १९५३ साली घरच्यांनी बिऱ्हाड हलवून ब्रॉम्लीला नेलं. सहा वर्षांचं पोर. शाळा ब्रॉम्लीची. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बागेतल्या ज्या बँडस्टँडपाशी फुकट महोत्सव भरवला ते बेकनहॅम. पुढे बर्लिन, शेवटी न्यू यॉर्क. हिशोब केला तर ब्रॉम्लीचा हक्क कितीतरी मोठा निघतो.

आत्या : हिशोब मला शिकवू नकोस. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेर विचारतं का, की तू इथे किती वर्षं राहिलीस? आणि आपल्या वाईच्या डोक्यावर पाचगणी आहे ना? फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच पोरांना जमवून ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. जन्म झांझिबारचा, घर नंतर लंडनच्या फेल्टमला. फेल्टमवाल्यांनी बाजारपेठेत त्याच्या नावाचा तारा बसवला, झांझिबारवाले पर्यटकांना त्याचं घर दाखवतात, आणि पाचगणीला गेलेला प्रत्येक मराठी माणूस गाडीतून खाली उतरायच्या आधी सांगतो की फ्रेडी इथला. तिघंही खरं बोलतात. मग ब्रिक्स्टननेच का गप्प बसायचं?

मी : तिघांनी मिरवावं, माझी हरकत नाही. पण ब्रिक्स्टन म्हणजे साधं उपनगर नाही. युद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्या माणसांनी हा भाग उभा केला. त्यांच्या मंडईत तू भेंडी आणि कच्ची केळी घेतेस. त्या ब्रिक्स्टनच्या ऐन नाक्यावर, स्टेशनातून बाहेर येणाऱ्याला पहिला चेहरा दिसतो तो सहाव्या वर्षी निघून गेलेल्या गोऱ्या मुलाचा. आणि १९७६ साली या मुलाने काय म्हटलं होतं ते तुला माहीत आहे.

आत्या : आहे. बोल तू, मी ऐकते.

मी : ब्रिटनला हुकूमशहा नेता मिळाला तर बरं होईल, अशा अर्थाचं तो बोलला. एकदा नाही, वेगवेगळ्या मुलाखतींत. नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक रस्त्यावर उतरून काळ्या-तपकिरी माणसांना ‘परत जा’ म्हणत होते, त्या काळात. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने त्याच वर्षी मंचावरून परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकली आणि ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ चळवळ उभी राहिली. तिच्या कारणांत बोवीचं नावही घेतलं जायचं. आता ज्या कुटुंबाने तो काळ ब्रिक्स्टनमध्ये काढला, त्यांनी त्या चेहऱ्याखालून रोज जायचं?

आत्या : मी तो काळ इथे काढलाय. बसस्टॉपवर साडी नेसून उभं राहणं काय असायचं ते मी तुझ्या वडिलांनाही कधी पत्रातून कळवलं नाही. म्हणून मला बोलू दे. तो जे बोलला ते वाईटच होतं. तेव्हा तो कोकेनच्या पूर्ण आहारी गेला होता, नंतर त्याने ते बोलणं झटकलं, त्याची त्याला लाज वाटली. मी एवढ्यावरच माफ केलं नसतं. पण १९८३ साली एमटीव्हीवर मुलाखत द्यायला बसला असताना त्याने समोरच्याला उलट विचारलं की तुमच्या चॅनलवर काळे कलावंत इतके कमी का दिसतात. त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर बसून. समोरचा सारवासारव करत राहिला, याने विषय सोडला नाही. तेव्हा त्याला गप्प बसून नवा अल्बम विकता आला असता. चुकीचं बोललेल्या माणसाने नंतर काय केलं, हे मी मोजते.

मी : म्हणजे तोही हिशोबच.

आत्या : हो, पण पूर्ण लिहिलेला. अर्ध्या पायरीवर सोडलेलं गणित मी कधी तपासलं नाही.

इथे मी आत्याशी सहमत नाही, पण तिच्या बोलण्याला वजन आहे. कारण ती हे पुस्तकातून काढून बोलत नाही. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टन पेटलं त्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या मुलांना पोलिसांनी रस्त्यात अडवून त्यांची झडती घेतली होती. दंगलीनंतर ब्रिक्स्टन अकादमी या संगीतगृहाच्या मागच्या भिंतीवर स्टीफन प्युसी या चित्रकाराने ‘चिल्ड्रन ॲट प्ले’ हे भित्तिचित्र काढलं, वेगवेगळ्या रंगांची मुलं एकत्र खेळताना. आत्या आपल्या वर्गाला ते दाखवायला घेऊन गेली होती. त्याच सुमारास कोल्डहार्बर लेनवर ब्रायन बार्न्सचं ‘न्यूक्लिअर डॉन’ आलं. ब्रिक्स्टनच्या छपरांवरून चालत येणारा, अणुबॉम्बची भीती घेऊन आलेला प्रचंड सांगाडा. ही दोन्ही चित्रं त्या भागाच्या अंगावरच्या खुणा आहेत. पर्यटक मात्र टन्स्टॉल रोडवर फोटो काढतात आणि परत स्टेशनात शिरतात.

मी : माझं नेमकं हेच दुखणं आहे. प्युसीच्या भिंतीचा रंग उडत राहिला, बार्न्सचा सांगाडा वर्षानुवर्षं फिका होत गेला. ती भित्तिचित्रं इथल्या लोकांच्या भीतीतून आणि आशेतून आली होती. आणि संरक्षण मिळालं ते जगप्रसिद्ध चेहऱ्याला. २०१६ साली इथल्या लॅम्बेथ कौन्सिलने बोवीचं चित्र स्थानिक वारसा यादीत घेतलं. आणि आदल्याच वर्षी, २०१५ साली, रेल्वेच्या कमानींखालची जुनी दुकानं खाली करायला सांगितली, लोक रस्त्यावर उतरले, त्यातली बरीच दुकानं राहिली नाहीत. माशांची, कापडाची, तीस-चाळीस वर्षं चाललेली दुकानं. घरांचे दलाल आज जाहिरातीत बोवीची भिंत किती पावलांवर ते सांगू शकतात. त्या माशाच्या दुकानाची आठवण कुठल्या शीटच्या मागे आहे?

आत्या : त्या दुकानाचं मलाही वाईट वाटतं, माझं बांगड्यासारख्या माशाचं दुकान होतं ते. पण राग चुकीच्या भिंतीवर काढू नकोस. भाडं बोवीने वाढवलं नाही. आणि स्थानिक यादी म्हणजे काय मोठं कवच आहे का? देशपातळीच्या यादीतल्या इमारतीला असतो तसा कायदा तिला नाही. उद्या कुणी बांधकामाची परवानगी मागितली तर कौन्सिलने एवढं लक्षात घ्यायचं, बस.

मी : तरी ती सुरुवात असते. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, स्टेशनसमोर तीन मजली उंच विजेचा लोळ उभा करायचा प्रस्ताव आला. त्यासाठी लोकवर्गणीतून दहा लाख पौंडांच्या आसपास रक्कम हवी होती.

आत्या : आणि ती जमली नाही. मला तेव्हाही वाटलं होतं की जमणार नाही. त्या लोळापाशी कुणी रडलं नव्हतं. लोकांना कळतं रे.

ही माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी घटना आहे. मोठमोठ्या नावांनी पाठिंबा दिलेलं, आखीवरेखीव, महाग स्मारक पैशाअभावी उभंच राहिलं नाही. गल्लीतली स्प्रेची तसबीर मात्र राहिली. आत्या म्हणते, म्हणूनच ती जपायची. मी म्हणतो, म्हणूनच तिला जपण्याची गरज नाही, लोकांच्या हातात ती सुरक्षित आहे. याच मुद्द्यावर आम्ही मँचेस्टरपर्यंत पोचलो.

मँचेस्टरच्या पोर्ट स्ट्रीटवर २०२० साली अक्से या चित्रकाराने इयन कर्टिसचं कृष्णधवल चित्र काढलं होतं. कर्टिस म्हणजे ‘जॉय डिव्हिजन’चा गायक. मँचेस्टरलगत जन्मला, १९८० साली वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. मानसिक आरोग्याबद्दल लोकांनी मोकळेपणाने बोलावं हा त्या चित्रामागचा हेतू होता. ऑगस्ट २०२२ मध्ये एका रात्रीत, किंवा तसं वाटावं इतक्या चटकन, त्यावर रंगाचा हात फिरला आणि तिथे एका नव्या अल्बमची जाहिरात आली. अल्बम एच नावाच्या तरुण रॅपरचा, तोही मँचेस्टरचाच. शहर खवळलं. आपल्याला याची कल्पना नव्हती, असा अनादर आपण कधीच केला नसता, हे तातडीने दुरुस्त करतो, असं एचने स्वतःहून जाहीर केलं. पुढे अक्सेने शहरातल्या दुसऱ्या भिंतीवर कर्टिसला पुन्हा उभं केलं.

आत्या : बघ. संरक्षण नव्हतं, म्हणून जाहिरातवाले घुसले.

मी : बघ. शीट नव्हती, यादी नव्हती, तरी शहराने आरडाओरडा करून तो चेहरा परत आणला. ज्या चित्रासाठी लोक ओरडत नाहीत ते शीटमागे असलं काय आणि नसलं काय.

आत्या : ओरडायला माणसं जागी लागतात. दहा वर्षांनी ब्रिक्स्टनमध्ये कोण राहत असेल? तूच म्हणतोस, जुनी माणसं चालली. मग कोण ओरडणार? रंग गेला की नव्या माणसाला ती कोरी भिंत दिसणार. इथे कुणी उभं होतं हे त्याला कसं कळणार?

याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं, पण एक प्रस्ताव होता.

मी : भिंत कोरी ठेवायची नाही. बोवीचा चेहरा त्याच्या आयुष्याएवढा टिकू दे, मग तिथे दुसरा येऊ दे. १९६३ साली जमैकाहून पोरवयात आलेला लिंटन क्वेसी जॉन्सन येऊ दे, ज्याने इथल्या रस्त्यांवरचा राग रेगेच्या तालावर बोलून दाखवला. ‘ब्रिक्स्टन पौंड’ नावाचं इथलं स्थानिक चलन आठवतं? २००९ साली एक पौंडाच्या नोटेवर त्यांनी ऑलिव्ह मॉरिसला घेतलं, काळ्या लोकांच्या आणि बेघरांच्या हक्कांसाठी लढलेली मुलगी. २०११ साली दहाच्या नोटेवर बोवी आला. नोटांच्या पाकिटात दोघं शेजारी बसले. भिंतीवर का नको?

आत्या : यायलाच हवेत. मी तर म्हणते, शेजारची भिंत आजच द्या. पण एकाला पुसून दुसऱ्याला कशाला? मॉर्लीजची भिंत एक आणि ब्रिक्स्टनमध्ये भिंती हजार.

मी : स्टेशनासमोरची एकच आहे.

आत्या : मग तिच्यावरचा रंग चित्रकाराला बोलावून ताजा करून घ्या. देवळाचा कळस आपण दर काही वर्षांनी रंगवतो, तेव्हा जुना कळस गेला म्हणून कुणी म्हणत नाही.

मी : पण मग तो जिमी सीचा हात राहत नाही, डागडुजी होते. भिंतीवरचा रंग पहिल्यांदा जसा बसतो तसा पुन्हा बसत नाही. स्प्रेचा दाब, त्या दिवशीची हवा, घाई, हे सगळं त्यात असतं.

आत्या : तुला त्याचा हात हवा, मला त्याच्यासमोरची जागा हवी. जागा राहिली तर काच काढायलाही मी तयार आहे. पण आधी शेजारची सगळी भिंत लिहायला मोकळी ठेव, आणि ती कुणी पुसायची नाही. कौन्सिलनेही नाही, तू सुद्धा नाही. आणि मला सांग, पुढच्या वेळी असं कुणी गेलं तर लोकांनी कुठे यायचं?

मी : तिथेच. फक्त तेव्हा त्या भिंतीवर कुणाचा चेहरा असेल ते आपण आज ठरवायचं नाही.

आत्या : मला ठरवायचं आहे.